नाताळच्या दिवशी बंद वाडी

अप्पा, म्हणजे माझे वडील, आता चौऱ्याऐंशीचे. आजोबांविषयी बोलणं त्यांनी जन्मभर टाळलं. आजोबा अँग्लिकन मिशनचे प्रचारक होते, रोह्याजवळच्या एका कातकरवाडीत नेमलेले. बाप्तिस्मा घेतलेल्यांची खोटी यादी पाठवली म्हणून गोऱ्या पाद्र्यांनी त्यांना काढून टाकलं, एवढंच घरात माहीत. यादी खरंच खोटी होती का, हे एकदाचं कळावं म्हणून मी निघाले. सुट्टी मिळाली ती नाताळची.

पुण्याहून एसटीने खोपोलीमार्गे पेण. तिथे पोह्याचे पापड घेतले. तुम्ही परतताना घ्या, माझ्या पापडांचा वाटेतच चुरा झाला. पेण सोडल्यावर गडबपर्यंत एसटी इतकी आदळली की मागची सीट टाळा, कंबर शाबूत राहील. रोह्यात साध्या लॉजवर मुक्काम केला आणि नाताळच्या सकाळी उसळ-पाव खाऊन मिनीडोर रिक्षा धरली. ती डोंगराच्या पायथ्याशी सोडते. पुढे तासभर चढ आहे, पाणी जवळ ठेवा.

वर पोचले तर वाडीत चिटपाखरू नाही. दारोदार कुलपं. मला आजोबांचा रागच आला. इथे माणूस नाही आणि यादी कसली केली?

शेवटच्या घरात वालाच्या शेंगा सोलत बसलेली सोनीआजी भेटली. मी मिशनच्या मास्तरांची नात, असं सांगितल्यावर तिने गोणपाट पसरलं, कोरा चहा दिला. बाकीचे कुठे, असं मी विचारलं.

"भट्टीवर गेलीत गो. दिवाळी झाली का जातात, पावसाच्या तोंडाला येतात. पयले कोळशाच्या भट्टीवर, आता विटांच्या."

तिच्या आईचं नाव त्या यादीत होतं. आजोबा उपासना पावसाळ्यात घेत, नाताळची गाणीसुद्धा आषाढात म्हणवून घेत. पण मिशनचा मोठा साहेब तपासणीला आला तो ऐन नाताळात.

"मास्तरनी त्याला समदं सांगतलं, आय म्हनायची. साहेब बोलला, खरा ख्रिस्ती नाताळला घरीच असतो."

मला लाज वाटली. मीही तोच दिवस धरून आले होते. आता वाडी वाघदेवालाच नारळ फोडते, चर्चला कुणी जात नाही, हेही आजीनेच सांगून टाकलं.

घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं, बंद दारांचे फोटो दाखवले. त्यांनी एकेक दार मोठं करून पाहिलं.

"कॉलेजात असताना मी त्यांना तोंडावर लबाड म्हणालो होतो," ते म्हणाले. "ते चिडले नाहीत. पावसाळ्यात जाऊन बघ, एवढंच म्हणाले. मी गेलो नाही."