गव्हाची कोठी आणि डाव्या पायाचा ब्रेक

मी गाडी शिकले तेव्हा मास्तरांनी बजावलं होतं, डावा पाय फक्त क्लचवर. त्यामुळे सून डाव्या पायाने ब्रेक दाबताना दिसली तेव्हा मी लगेच टोकलं. ती हसली.

"आई, रेसिंगमध्ये असंच असतं. उजवा पाय गॅसवरून उचलून ब्रेकवर नेईपर्यंत मागचा पुढे गेलेला असतो."

गाडी खरी नव्हती. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या घरातल्या आतल्या खोलीत स्क्रीन, स्टिअरिंग आणि टेबलाखाली लोखंडी पेडल्स, एवढाच थाट. पण त्या रविवारच्या ऑनलाइन शर्यतीतल्या पहिल्या तिघांना खऱ्या ट्रॅकवर खरी गाडी चालवायला मिळणार होती. तेवढ्यासाठी ही बाई ऑफिसमधून आली की हात धुऊन त्या पेडल्सच्या मागे लागायची.

ब्रेकचं पेडल भलतंच हट्टी. आपल्या गाडीतल्यासारखं खाली जातच नाही, नुसता पायाचा जोर मोजतं. जोरही असा लागतो की खुर्चीच मागे सरकते. म्हणून तिने खुर्ची माझ्या गव्हाच्या कोठीला टेकवली होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी कडक ऊन होतं. मी मुलाच्या मदतीने कोठी रिकामी केली, गहू गच्चीवर पसरला, त्याला कबुतरं हाकलायला तिथेच बसवलं आणि खाली आले. तेवढ्यात आत दाणकन आवाज झाला. सुनेने सरावाला ब्रेक दाबला होता आणि खुर्ची, कोठी, सून अशी सगळी वरात भिंतीकडे गेली होती.

"अहो आई, गहू कुठाय? आत्ता सुरू होईल ना!"

तिचा चेहरा पार उतरला. मी कोठी बाजूला ढकलली, फरशीवर बसले, पाठ खुर्चीला लावली आणि पाय भिंतीला. "दाब," म्हटलं.

मग तिचा प्रत्येक ब्रेक माझ्या पाठीला कळू लागला. आधी एकदम दणका, मग गाडी वळेल तसतसा पाय हळूहळू सैल. एकदम सोडला तर गाडी बिथरते, दाबूनच ठेवला तर सरळ मातीत जाते, हे ती दातओठ खात मला सांगत होती. कंबर ओरडत होती, पण मी हलले नाही. हट्टात मी कुणाला हार जात नाही.

ती तिसरी आली. मला उठवायला मात्र मुलाला गच्चीवरून बोलवावं लागलं. तेवढ्यात कबुतरांनी गव्हावर ताव मारला.

पुढे खऱ्या ट्रॅकवर मला ती आग्रहाने घेऊन गेली. "तिथली सीट बोल्टने बसवलेली असते, तुम्ही आरामात बघा," म्हणाली. मी कठड्याशी उभी होते. पहिल्या वळणापाशी गाडीचे मागचे लाल दिवे लागले आणि माझे पाय आपोआप जमिनीत रुतले, पाठ ताठ झाली. दिवे विझेपर्यंत मी श्वास सोडला नाही. ती झक्क वळली.