प्राप्तीचं तोंड दिसेपर्यंत

उरणजवळच्या आमच्या गावातली मैना मिठागरावर राबून आपल्या लेकीला, प्राप्तीला पुण्याला शिकायला धाडू शकली. पोरीच्या फोनचा कॅमेरा फुटलेला. लॅपटॉप कॉलेजच्या वायफायला जोडला की तोंड दाखवीन, असं सांगून ती गेली. पण तो काही जोडला जाईना, फोनवर नुसता आवाजच येई.

"शेजारच्या खोलीतलीचा पासवर्ड माग की," मैना म्हणाली. आमच्या आळीत वायफाय एकट्या सुगंधाकडे, पण पासवर्ड सगळ्या आळीला पाठ.

"आये, इथं ज्याचा त्याला वेगळा. दुसऱ्याला द्यायचा न्हाय."

"मग मीठमिरची तरी देतात का गो?"

"मागतंच कोण," प्राप्ती हळूच म्हणाली.

मैनेला घास गोड लागेना. शेवटी कॉलेजच्या ऑफिसातल्या माणसाने लॅपटॉप जोडून दिला. सुगंधाच्या ओटीवर मैनेच्या फोनवर प्राप्ती दिसली. सुकली होती. कपाळावर बट आली होती. ती मागे सारायला मैनेने बोट नेलं, ते लाल बटणावर टेकलं आणि पोर दिसेनाशी झाली.

पुन्हा फोन वाजला. सुगंधाने उचलून समोर धरला. मैना दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून पोरीकडे बघत राहिली.