बरगड्यांखालचा पडदा

महाडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू होऊन मला महिनाही झाला नव्हता. शरीररचनेत मी पहिला आलो होतो आणि ते चारचौघांना कळल्याशिवाय मला चैन पडत नसे. वर छातीची पोकळी, खाली पोटाची, मध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायूचा पडदा; त्याला भोकं किती, कुठल्या भोकातून काय जातं, सगळं तोंडपाठ. पण हा पडदा मी पाहिला होता तो मेलेल्या माणसांतच.

एका दुपारी पोलादपूरच्या वरच्या वाडीतून चौघांनी डोलीत एक माणूस आणला. हिरडे काढताना झाडावरून पडून त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या. तडकलेला वासा आवळावा तसं थोरल्या भावाने त्याला काखेपासून ओटीपोटापर्यंत पागोट्याने करकचून बांधलं होतं. ओठ निळे पडले होते. बायको डोलीमागून अनवाणी धावत आली होती.

मी कात्री उचलली तसा भाऊ आडवा आला.

"सोडू नका, डाक्तर! आतलं समदं खाली येल."

मी भडकलो. "छाती बांधलेलीच ठेवतो. पोट तेवढं मोकळं करू द्या. बकरं सोलताना मध्ये पडदा लागतो ना?"

"लागतो की. देवाचं बकरं मीच कापतो."

"तो खाली दबतो तेव्हा श्वास आत येतो. तुम्ही त्याला जागाच ठेवली नाही."

त्याचं तोंड एवढंसं झालं. "येवढासा तो पडदा," असं पुटपुटत तो बाजूला झाला.

मी पोटावरचे वेढे कापले. क्षणभर काहीच झालं नाही. मग पोट वर आलं. खाली बसलं. पुन्हा वर आलं. आत तो पडदा काळीज पेलून आतडी खाली सारत होता, जन्मल्यापासून न थांबता सारत आला होता. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि माझ्या पहिल्या नंबराशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. अंगावर सरसरून काटा आला. मला हात जोडावेसे वाटले, आणि मी खरोखरच जोडले.

ओठांवर हळूहळू रंग आला. बायकोने नवऱ्याच्या हलत्या पोटावर तळवा ठेवला. तेवढ्यात दीर समोर उभा असल्याचं तिच्या ध्यानात आलं. तिने पदर सावरला आणि हात मागे घेतला.

नवऱ्याने डोळे उघडले.

"हात ऱ्हाऊ दे गो," तो म्हणाला.

थोरला भाऊ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.