मेडेचा मुरूम

अजूनही कुणी ‘बांध’ म्हटलं की मला लोहारद्याजवळची ती केस आठवते. सत्तरच्या दशकाचा शेवट. त्या पावसाळ्यात नाल्यांनी शेतांची काळी माती खरवडून नेली होती, म्हणून शेताला तातडीने बांध घालायला सरकारने अनुदान दिलं होतं. मी तेव्हा देवास जिल्ह्यात पोलीस निरीक्षक होतो.

तिथल्या एका शेतकऱ्याविरुद्ध खबर दिली ती त्याच्या शेताशेजारच्याने. याने अनुदान उचललं, बांध घातलाच नाही, म्हणे. आमचा ठाणेदार देवासच्या जुन्या मराठी घराण्यातला, कामाला चोख. त्याने शेत पाहिलं, बांध नव्हता. माणूस उचलला. मी ठाण्यावर पोचलो तेव्हा स्वारी खुशीत होती.

“साहेब, कबूल झालाय. पैसे घेतले म्हणतो, बांध घातला नाही म्हणतो. उद्या कोर्टात उभा करतो.”

हवालातीत तो माणूस उकिडवा बसलेला. बाहेर पिंपळाखाली त्याची बायको एकच घोकत होती, “साब, जमीन सूखी री है.” गव्हाची पेर तोंडावर होती. मातीतली ओल उडाली की त्या घराचं वर्ष गेलं.

मला काही हे पचेना. चोर इतक्या सहज कबूल होतो होय? पहिल्याच प्रश्नाला मान डोलावणारा एक तर वेडा असतो, नाही तर त्याला प्रश्नच कळलेला नसतो. मी ठाणेदाराला म्हटलं, माझ्यासमोर विचार.

“बांध बनाया?”

“नी साब. म्हारी कई औकात?”

औकात? वीतभर मातीच्या बांधाला कसली आलीय औकात! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आपल्या मराठी घरातला बांध तो त्याचा बांध नव्हे. हिंदीत बांध म्हणजे धरण! मी धारचा, मालवी ऐकत वाढलेला. शेताच्या बांधाला इथे मेड म्हणतात. मी विचारलं, “भिया, मेड बांधी थी?”

“मेड तो बांधी थी, साब! मुरम डाली ने बांधी थी.”

ठाणेदाराचा चेहरा खर्रकन उतरला. पण मग मेड गेली कुठे? जीप काढली. हद्दीवर ताजी नांगरट, आणि तीही शेजाऱ्याच्या बाजूने पुढे सरकलेली. काळ्याभोर मातीत पिवळा मुरूम विखुरलेला. खबर देणारा शेजारी मागे उभाच होता. मी सहज म्हणून विचारलं, “भिया, थारा खेत में या मुरम कां से आई?”

“वा तो मेड की है, साब,” तो बोलून गेला आणि जीभ चावली.

मेड घातलीच नाही असं सांगणारा हाच! दुसऱ्याची मेड नांगरून हद्द सरकवायची आणि वर त्यालाच तुरुंगात धाडायचं. असा संताप आला मला! तिथेच त्याला ताब्यात घेतलं.

संध्याकाळी हवालात उघडली. मी जरा चिडूनच त्या माणसाला म्हटलं, “अरे, पेलां क्यों नी बोल्यो?”

तो गोंधळला. “मेड की तो कोई ने पूछी ई नी, साब.”

पुढे नोकरीभर मी कुणाच्याही कबुलीवर लगेच विश्वास ठेवला नाही. तोच प्रश्न त्याच्या बोलीत पुन्हा विचारायला लावायचो. कारण तो माणूस आमच्याशी एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. खरं बोलूनच तो तुरुंगाच्या दारापर्यंत पोचला होता.