गिस्ला म्हणजे काय

मला बघायला सिंदीहून मंडळी आली, तेव्हा त्यांनी स्वयंपाक विचारला नाही, शिवण विचारलं नाही, चालून दाखव म्हणाले नाहीत. मुलगा शाळामास्तर होता आणि तो सारा वेळ आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. त्याच्या आईनं मात्र पोह्यांची बशी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "नाव काय वो बाई तुह्यं?"

"गिस्ला."

"काय?"

"गिस्ला," मी पुन्हा सांगितलं. जरा चढ्या आवाजातच. हे नाव दोनदा सांगायची मला जन्माची सवय होती आणि दर वेळी डोकं फिरायचं.

"याचा अर्थ काय होते?"

मी आईकडे पाहिलं, आईनं बाबांकडे, बाबांनी आत्याकडे, आणि आत्यानं चुलीकडे. हे कसलं नाव, असं मला शंभर जणांनी विचारलं असेल. अर्थ कुणी विचारला नव्हता. मलाही तो विचारावा असं कधी सुचलं नव्हतं, हे त्या क्षणी लक्षात आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चांगलाच असंन," बाबा म्हणाले. कचेरीत कारकून होते ते. नक्की माहिती नसली की त्यांना खोकला यायचा, तसा आला.

"असंन म्हन्जे?" बाईंनी बाबांना तिथंच सोडलं आणि माझ्याकडे वळल्या. "आमच्या घरी सुनेचं नाव बदलते. म्या सुशीला धरून ठेवलं हाये. पन तुह्या नावावर तुहा लय जीव दिसते. अर्थ काढून ठेव. लग्नाच्या दिवशी सांगजो. चांगला असंन तर राहू देऊ. मले काई हट्ट नाई."

सोयरीक जमली, वैशाखातला मुहूर्त निघाला, आणि माझ्या अंगात जणू मुंग्या शिरल्या. अक्षतांचे तांदूळ निवडायला बसवलं तर खडे सुपात राहायचे आणि तांदूळ बाहेर जायचे. विहिरीवर जायची आणि घागर घरीच असायची. नवरा कसा आहे याचा विचार मी केलाच नाही. डोक्यात एकच घोळत होतं. लक्ष्मीपूजनाच्या वेळी तबकात तांदूळ पसरतील, तो मास्तर सोन्याच्या अंगठीनं त्यात सुशीला लिहील, साखर वाटतील, आणि संध्याकाळपासून मी सुशीला. मग गिस्ला कुठं जाते? आईला विचारलं तर म्हणाली, "कुठी जाईन? सगळ्याईचं तसंच होते." आईचं माहेरचं नाव मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

नाव आत्यानं ठेवलेलं. आत्या लहानपणीच विधवा होऊन माघारी आलेली आणि पुढे मिशनच्या दवाखान्यात एका जर्मन बाईच्या हाताखाली सुईणीचं काम शिकलेली. या जर्मन बाईला सगळे सिस्टरबाई म्हणत. मी पायाळू. आई त्या दिवशी जाणारच होती. सिस्टरबाईंनी तिला आणि मला दोघींना ओढून काढलं. बारशाला नाव शकुंतला ठरलं होतं. पण पाळण्यात वाकून कानात कुर्र करायचा मान आत्याचा, आणि आत्यानं कानात शकुंतलाऐवजी सिस्टरबाईंचं स्वतःचं नाव सांगितलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. एकदा आत्यानं कानात नाव घातलं की ते गेलं. परत कोण काढणार? बाबा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत म्हणे.

आत्याला वाटलं होतं, हे नाव आता गल्लोगल्ली होईल. "पाहाजो," म्हणायची, "दहा वर्सात वर्ध्यात शंभर गिस्ला होतीन." झाली एकच. आमच्या गवळ्यानं नव्या वासरीला ते नाव दिलं. अख्ख्या जिल्ह्यात आम्ही दोघी, आणि ती हाकेला माझ्यापेक्षा लवकर यायची.

सिस्टरबाई तेव्हा आंजीला महारोग्यांचा दवाखाना चालवत होत्या. मी हट्टच धरला तेव्हा आत्या मला घेऊन निघाली. मोटारीत पत्रा तापलेला, बाहेर उन्हाच्या झळा, आणि मी तासभर सीटच्या कडेवर बसलेली. मनात चित्र पक्कं होतं. नावाचा अर्थ काहीतरी भव्य असणार. पहाट, नाहीतर राणी. आणि तिकडे त्यांच्या देशात घरोघरी माझ्या नावाच्या मुली असणार, जिथं कुणीच "काय?" म्हणून दुसऱ्यांदा विचारत नसेल.

कडुनिंबाखाली बसून सिस्टरबाई एका म्हाताऱ्याचा पाय बांधत होत्या. मी नावाचा अर्थ विचारला, तशा मान वर न करता म्हणाल्या, "आता विचारून राह्यली? इतके साल काय केलं?" त्यांची मराठी रोग्यांकडून शिकलेली, म्हणजे अस्सल वऱ्हाडी, फक्त जरा खडबडीत. पट्टीची गाठ मारून त्या सांगू लागल्या.

"जुन्या काळी आमच्या तिकडे दोन राजे भांडत. मंग भांडन मिटे. पन भरोसा कोनाचा कोनाले? तवा एक राजा आपलं लेकरू दुसऱ्याच्या घरी ठेवे. लेकरू तिथंच खाये, तिथंच मोठं होये. जवरक लेकरू तिथं, तवरक लढाई नाई. त्या लेकराले जो शब्द, तेच हे नाव."

"ओलीस," मी म्हणाले.

"गहान," आत्या पुटपुटली आणि तिनं कपाळाला हात लावला.

"कोनी पंडित म्हन्ते, बानाची काडी. मले नाई वाटत तसं."

"पण तुमच्याकडे पुष्कळ असतील ना या नावाच्या?"

"नाई वो. गिसेला म्हून लांब नाव हाये, ते ज्याच्या त्याच्या घरी. हे आखूड, लय जुनं. माह्या आजीच्या मायचं. शाळेत मी एकलीच होती, पोरी हसत." मग स्वतःच हसल्या. "लढाईत इंग्रजानं मले जर्मन म्हून छावनीत ठेवलं. तवा म्हटलं, घ्या, नाव खरं झालं."

म्हातारा उठून गेला, दुसरा आला. त्या पुढच्या पायाकडे वळल्या. माझं तोंड उतरलेलं त्यांना दिसलं असेल, पण समजूत घालण्यातल्या त्या नव्हत्याच.

परतीच्या मोटारीत आत्यानं लगेच तोडगा काढला. "बान सांगजो. नाईतर सरळ लक्ष्मी सांग. सिंदीत कोन जर्मन शिकून बसलं हाये?"

मला इतका संताप आला की शेजारचा माणूस वळून पाहू लागला. "कानात घालण्याआधी विचारायचं तरी होतं!" मी ओरडले. "इतकी वर्षं मिरवतेय मी! वाटेल ते नाव आणून चिकटवलं!"

आत्या माझ्यावर कधी चिडत नसे. तेव्हाही चिडली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या रोजी तुही माय वाचली होती. मले तेवढाच अर्थ मालूम होता."

मी तिचा हात धरला आणि वर्ध्यापर्यंत धरून ठेवला. पण मन काही जागेवर येईना. बाण सांगू, लक्ष्मी सांगू की गप्प राहून सुशीला होऊ? हळद लागली तरी हेच. सप्तपदीला भटजी म्हणाले, सावकाश चाला बाई, घाई कसली. मला घाईच होती. जे काय व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे, असं झालं होतं.

सिंदीला माप ओलांडून आत गेले. ओटीवर, दारात, खिडकीत बायकाच बायका. तबक आलं, त्यात तांदूळ पसरले. मास्तरांच्या हातात अंगठी होती आणि ते आईकडे बघत थांबले होते. सासूबाई माझ्या पुढ्यात येऊन बसल्या.

"काढला का अर्थ?"

मी बाण म्हणायचं ठरवलं होतं. मोटारीत, मांडवात, मापावरून पाय टाकतानासुद्धा तेच ठरलेलं होतं. पण त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं की हिला परीक्षा बिरीक्षा घ्यायची नाही, हिला खरंच ऐकायचं आहे. मग खोटं जिभेवर येईना. मी सांगितलं. दोन घरांत भांडण होऊ नये म्हणून एका घरचं लेकरू दुसऱ्या घरी ठेवतात. ते तिथंच खातं, तिथंच मोठं होतं. त्या लेकराला गिस्ला म्हणतात.

खिडकीतली एक बाई म्हणाली, "अगं बाई, शुभ दिवशी हे काय?" दुसरीनं तिला गप्प केलं. मास्तर पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघू लागले. झालं, गेलं नाव, असं वाटलं आणि रडू आवरता आवरेना.

सासूबाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. तबकातले तांदूळ सपाटच होते, तरी तळहातानं पुन्हा सपाट करत राहिल्या.

"तिथंच मोठं होये म्हन्ते?"

"हो."

"मंग त्या लेकराले घ्याले कोनी येत जाय का, मांगून?"

हे मी विचारलंच नव्हतं. सिस्टरबाई समोर बसल्या होत्या, विचारायला तोंड उघडायचा अवकाश होता, पण मला आपल्या नावाच्या थाटापलीकडे काही सुचलं नव्हतं. "नाही विचारलं त्या जर्मन बाईंना," मी म्हणाले.

"म्या परकरात होती, या घरी आलती तवा," त्या म्हणाल्या. ते मला उद्देशून नव्हतं, कुणालाच उद्देशून नव्हतं. "वाटे, माय येईन. मंग भाऊ येईन." मग मुलाकडे वळून जोरात म्हणाल्या, "लिही रे. तिचंच लिही." आणि मला, "माहेरी जाशीन तवा त्या बाईले विचारून येजो. तवरक राहू दे हे नाव."

मास्तरांनी मला विचारत विचारत तांदळात गिस्ला लिहिलं. साखर वाटली. त्या गर्दीत मी खूश होते, भलतीच खूश होते, आणि तरी तो न विचारलेला प्रश्न डोक्यातून जाईना.

दर दिवाळीला, दर बाळंतपणाला मी माहेरी गेले. आंजीची मोटार आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर उभी असे. परतले की सासूबाई हातातली पिशवी घेत आणि विचारत, "विचारलं का वो?" मी म्हणे, "भेट नाई झाली." त्या म्हणत, "बरं." सिस्टरबाई आपल्या देशी परत गेल्या तोवर हेच चाललं. मी आंजीला गेलेच नाही. उत्तर "नाही" असेल, तर ते मला ऐकायचं नव्हतं. आणि "हो" असेल, तर ते सासूबाईंना सांगायची माझी हिंमत नव्हती, कारण त्यांना न्यायला कधी कुणी आलं नव्हतं.