रानमांजरीचं शेवटचं पिल्लू

शुभदाला माणसं आवडत नसत असं नाही. आवडण्याच्या लायकीची माणसं तिला फार थोडी भेटत, आणि तीही दुसऱ्या भेटीत मनातून उतरत. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या मराठी मंडळाच्या मीटिंगला ती एकदाच गेली. पुण्याहून नव्याने आलेल्या आयटीवाल्यांनी गणपतीच्या मखराचा रंग ठरवायला अख्खी दुपार घालवली. "एवढ्यात एक पेपर लिहून झाला असता," असं म्हणून ती उठली ती पुन्हा फिरकली नाही. जर्मन शेजाऱ्यांबद्दलही तिचं मत काही बरं नव्हतं. कुंपण कातरायचं, गाडी धुवायची, पुन्हा कुंपण कातरायचं, आणि यालाच आयुष्य म्हणायचं! नवरा गुरुदत्त झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. गाड्यांचे दरवाजे नीट लागतात की नाही हे पाहण्यात त्याची नोकरी सरली, आणि घरचं फडताळ मात्र अजून उघडं टाकून जातो, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. गुरुदत्त हसे. त्याच्या हसण्याचाही तिला राग येई.

त्यांचं घर गावाच्या टोकाला होतं. बाग संपली की जंगल सुरू. बागेच्या मागे जंगलखात्याने बीचचे ओंडके रचून ठेवले होते. मे महिन्यात एके दिवशी शेजारच्या फ्राऊ श्नायडर कुंपणापाशी आल्या आणि देवळात बोलावं तसं हळू आवाजात म्हणाल्या, की त्या राशीत रानमांजर व्यायली आहे. कुणी जवळ जायचं नाही, खायला ठेवायचं नाही, आणि पिल्लांना हात तर मुळीच लावायचा नाही. दिसायला ती घरच्या मांजरासारखीच असतात, म्हणून दर वर्षी कुणी तरी दया येऊन उचलून आणतं आणि सगळा घोटाळा होतो.

"रानमांजर म्हणे!" घरात येऊन शुभदा म्हणाली. "साताऱ्याला आमच्या माळ्यावर दर वर्षी मांजरी व्यायच्या. तेव्हा कुणी कुजबुजत सांगायला आलं नव्हतं. ह्या लोकांना कशाचं कौतुक वाटेल नेम नाही."

तरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती रोज बघायची. मांजर अंगाने चांगली दांडगी, राखाडी, शेपूट जाडजूड आणि टोकाला बोथट, त्यावर काळी कडी. ओंडक्यावर बसून ती घराकडे असं पाही, जणू ह्या घरात दखल घेण्यासारखं कुणी राहत नाही. शुभदाला ते अजिबात खपलं नाही. ह्या घरात कुणाची दखल घ्यायची आणि कुणाची नाही, हे आजवर तीच ठरवत आली होती.

तीनेक आठवड्यांनी ड्युसेलडॉर्फहून दिया आली. तिची एकुलती एक मुलगी, सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे शुभदाने ठरवून टाकलं होतं. वरची खोली रिकामी केली होती, साताऱ्याहून डिंक आणि अळीव मागवले होते, भावजयीकडून बाळंतविडाही आला होता. दियाला तेवढं विचारायचं राहिलं होतं. आईच्या घरी येण्याबद्दल विचारायचं काय त्यात? दियाचा नवरा योनास एल्टर्नत्साइट घेणार होता, म्हणजे नोकरीतून रजा काढून घरी बाळ सांभाळणार होता. "वरणाला फोडणी देता येत नाही, आणि तो बाळाला न्हाऊ घालणार!" हे शुभदाने फोनवर दोनदा ऐकवलं होतं. दियाने दोन्ही वेळा विषय बदलला होता. आता समोरासमोर बसून काय ते ठरेल, म्हणून शुभदा दुसऱ्या दिवशी सकाळपासून संधी शोधत होती.

पण सकाळपासून दिया खिडकीशीच होती. रानमांजर बिऱ्हाड हलवत होती. एकेक पिल्लू मानेला धरून ती झाडीत नेई, पुन्हा येई, दुसरं उचली. मग एक पिल्लू उरलं, आणि ती आलीच नाही. जेवणं झाली. चहा झाला. राशीतून त्या पिल्लाचं ओरडणं काही थांबेना.

"फ्राऊ श्नायडर म्हणाल्यात हात लावू नका," दिया म्हणाली. ती जर्मनमध्येच बोले. मराठी तिला सगळं कळे, पण उत्तर जर्मनमध्ये येई.

"त्यांना काय जातंय म्हणायला!" शुभदाने खुंटीवरचा पंचा ओढला आणि बागेत गेली. पिल्लू फिस्कारलं, मनगटावर दोन लांब ओरखडे उठले, पण तिने त्याला पंच्यात गुंडाळून आणलंच आणि बुटांच्या खोक्यात ठेवलं. नळाखाली हात धुताना तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"कसली आई ही! बाकीची नेली आणि हे टाकून गेली. माझ्या तर डोक्यात जातात असल्या आया. पोटच्या पोराला टाकून जायचं धाडस होतं तरी कसं? जनावरच शेवटी!"

गुरुदत्तने वर्तमानपत्र खाली केलं. बायकोकडे न बघता त्याने लेकीकडे पाहिलं.

"तूही गेली होतीस," दिया म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

गोष्ट खरी होती. शुभदा डॉक्टरेटसाठी कायझर्सलाउटर्नला आली तेव्हा गुरुदत्त झिंडेलफिंगेनला एका खोलीत राहत होता, आणि दिया जेमतेम सहा महिन्यांची होती. तेव्हा परदेशी येणारी कितीतरी जोडपी करत तेच त्यांनी केलं. पोरीला साताऱ्याला आजीकडे ठेवलं. 'बस्तान बसलं की नेऊ' म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. आजीने तर कौतुकच केलं होतं.

"मी न्यायला आले होते ना परत!" शुभदाचा आवाज चढला. "टाकून दिलं नव्हतं तुला!"

"गेनाऊ, तेच तर," दिया म्हणाली. "तू परत आलीस. आणि तेवढ्यात कुणी तुला नावं ठेवून मला खोक्यात घालून नेलं असतं तर?"

शुभदाने खोक्याकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेल्या बाईला आपली चूक दिसायला वेळ लागतो, पण दिसली की ती लख्ख दिसते. तिने खोकं उचललं.

"एकदा माणसाचा हात लागला की आई जवळ घेत नाही म्हणतात," गुरुदत्त हळूच म्हणाला.

"अहो, तुम्ही जरा गप्प बसाल का?" ती खेकसली. पण दार उघडताना तिने खोक्यात डोकावून पाहिलं. मांजरीने घेतलं नाही तर काय, हा विचार तिला सोसवत नव्हता. त्या पिल्लाचा जीव आपण उगाच धोक्यात घातला हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि ह्या वेळी शिव्या घालायला दुसरं कुणीच सापडत नव्हतं.

पिल्लू राशीत ठेवून ती आत आली. तिघंही खिडकीशी उभी राहिली. बराच वेळ काही झालं नाही. उन्हं झाडांच्या शेंड्यांवर गेली तेव्हा झाडीतून ती राखाडी मांजर निघाली. राशीपाशी येऊन तिने पिल्लाला हुंगलं, पुन्हा हुंगलं, मान वर करून हवेचा वास घेतला. शुभदाने खिडकीची कड घट्ट धरली. मग मांजरीने पिल्लाला मानेला उचललं. ते लगेच अंग सैल सोडून लोंबायला लागलं, आणि घराकडे ढुंकूनही न बघता ती निघून गेली.

"बघितलास तोरा?" शुभदा म्हणाली खरी, पण मांजर दिसेनाशी झाली तरी ती खिडकीशीच उभी राहिली.

"आई, तू मला न्यायला आलीस तेव्हा मी काय केलं?" दियाने विचारलं.

ह्या प्रश्नाचं उत्तर घरात ठरलेलं होतं. पाहुण्यांत, वाढदिवसांना शुभदाने ते सांगितलं होतं: धावत येऊन गळ्यातच पडलीस! आजही तेच ओठांवर आलं. पण ते खोटं होतं, आणि खोटं बोलणाऱ्यांचा तिला तिटकारा होता.

"आजीच्या मागे लपलीस," ती म्हणाली. "मी हात पुढे केले तर मला काकू म्हणालीस. विमानात पूर्ण वेळ रडत होतीस. मी घेतलं की जास्तच."

दियाने आईचं मनगट हातात घेतलं आणि ओरखड्यांवर मलम लावलं.

"बाळंतपण ड्युसेलडॉर्फलाच होईल," ती म्हणाली, ह्या वेळी अडखळत, मराठीत. "पहिले दिवस आम्ही दोघंच असू. मी आणि योनास. त्याला बाळाची सवय व्हायला हवी, बाळाला त्याची."

योनासबद्दल, फोडणीबद्दल, वरच्या खोलीबद्दल शुभदाकडे उत्तरं तयार होती. त्यातलं एकही तिने काढलं नाही.

"मग मी कधी येऊ?"

"मी बोलावलं की ये."

शुभदा आजवर कुणाच्या बोलावण्याची वाट बघत बसली नव्हती.

"बरं," ती म्हणाली.