नैर्ऋत्येची मोकळी भिंत

फेंगशुईवर माझा राग नाही. दादरला भेटवस्तूंच्या दुकानांत ती बदकांची जोडी अजूनही दिसते, चोचीला चोच लावून बसलेली. त्या बिचाऱ्यांनी माझं काय वाकडं केलं? पण दिसली की माझं डोकं फिरतं आणि मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाते. इतकी वर्षं झाली, तरी जाते.

आमची खोली करी रोडला, चाळीत दुसऱ्या मजल्यावर. पुढे लांब गॅलरी, तिचं तोंड पश्चिमेला. दक्षिणेच्या भिंतीपलीकडे काकी राहायच्या. काकी नात्यातल्या कुणी नव्हेत, पण मला कांजिण्या आल्या तेव्हा कडुलिंबाचा पाला त्यांनीच शोधून आणला होता, आणि आमच्याकडे माशाचं कालवण झालं की पहिली वाटी त्यांच्याकडे जायची. मधली भिंत इतकी पातळ, की पलीकडे काकी शिंकल्या तरी इकडून आई "देवा रे" म्हणायची.

बाबा मिलमध्ये साचेखात्यात होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. संप झाला तेव्हा मी शाळेत होते आणि दादा नुकताच बदली कामगार म्हणून लागला होता. कुणी गैरहजर राहिला की त्याच्या जागी उभं राहायचं. बाबा संपात पक्के. घरातली डाळ पातळ होत गेली, आईचे कान मोकळे झाले, तरी पक्के. आणि एका सकाळी कळलं, की दादा पोलिसांच्या गाडीत बसून मिलच्या गेटातून आत गेला, कामावर. संध्याकाळी तो परत आला तेव्हा बाबा दारात उभे होते आणि अख्खी चाळ गॅलरीत. बाबा ओरडले नाहीत. "ह्या उंबऱ्यार परत पाय ठेवू नको," एवढंच म्हणाले. दादाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि जिना उतरून गेला.

मिल पुढे बंदच पडली. आत गेलेल्यांचीही नोकरी गेली आणि बाहेर राहिलेल्यांचीही. पण दादा काही परत आला नाही. डोंबिवलीला त्याने संसार थाटला ते आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं. बाबा गेले तेव्हा तो थेट स्मशानात आला आणि तिथूनच माघारी फिरला. खोली आईच्या नावावर झाली. मी लग्न केलं नाही. का केलं नाही ते इथे सांगत बसत नाही. गॅलरीकडच्या खिडकीशी, काकींच्या भिंतीला लावून, माझं शिलाई मशीन होतं. ब्लाउज शिवायचे, साड्यांना फॉल लावायचे, त्यावर आमचं दोघींचं घर चालायचं.

ज्या बहिणीचा भाऊ समोर नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. ही रीत सगळ्यांना माहीत आहे, पण ती पाळायची पाळी फार थोड्यांवर येते. माझ्यावर दर दिवाळीत यायची. तिन्हीसांजेला गॅलरीत ताट घेऊन उभी राहायचे. शेजारच्या खोल्यांतून भावांच्या हसण्याचे आवाज, आणि मी आपली बीजेच्या कोरीला कुंकू लावतेय. आई तेवढा वेळ आत देवाशी जाऊन बसायची. मला दुसरं काही नको होतं. दादाने एकदा त्या पाटावर येऊन बसावं, बस.

आणि एका श्रावणात, दुपारी, वहिनी दारात उभी राहिली. पहिल्यांदाच. तिच्या मागे जिन्यावर दादा, केस पांढरे झालेला. उंबऱ्याशी थबकला. आई उठली आणि त्याचा हात धरून तिने त्याला आत ओढला. त्यानंतर कोण किती रडलं ते मला नीटसं आठवत नाही, कारण मीच जास्त रडत होते.

वहिनी त्या वेळी फेंगशुईने भारलेली होती. त्या वर्षांत ती लाटच होती. कुणाच्या टीव्हीवर हसरा बुद्ध, कुणाच्या दारात तीन पायांचा बेडूक. वहिनी खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "ताई, तुमच्या घरात माणसं तुटली ती उगाच नाही तुटली. नैर्ऋत्य कोपरा नात्यांचा. तिथे तुम्ही काय भरून ठेवलंय बघा." तिथे माझं मशीन होतं, कपड्यांची गाठोडी होती आणि भिंतीवर बाबांचा फोटो होता. फोटोखाली त्यांचा धोटा टांगलेला, मागावरचा, हाताने झिजून गुळगुळीत झालेला.

पुढच्या रविवारी ते दोघं एका माणसाला घेऊन आले. वहिनी त्याला 'सर' म्हणायची. गळ्यात रुद्राक्ष, हातात होकायंत्र, खिशात टेप. त्याने कोपऱ्यापासून मोरीपर्यंत भिंत मापली. मग बोटाच्या पेराने ती ठिकठिकाणी वाजवली, कान लावून ऐकली, आणि म्हणाला, "मॅडम, ही वॉल एकदम क्लिअर पाहिजे. रिलेशनची एनर्जी इथून एन्ट्री मारते. एक खिळा पण नको."

मी विचारलं, "वाजवून काय बघताय?"

"एनर्जी कुठे अडते ते," तो म्हणाला, आणि मी त्याला दुसरा चहा दिला. आल्याचा, दूध जास्त घातलेला. त्या चहाची आठवण झाली की आजही अंगाचा तिळपापड होतो.

मी सगळं केलं. मशीन उचलून मोरीजवळच्या अंधारात नेलं. दिवसा बल्ब लावून सुईत दोरा ओवायची पाळी आली आणि संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायचे. गाठोडी माळ्यावर गेली. खिळे उपटले, भोकं चुन्याने बुजवली. राहिला फोटो. 'सर' म्हणाले होते, गेलेल्या माणसाचा फोटो नात्यांच्या जागेवर ठेवला तर जिवंत माणूस जवळ येत नाही. मी दोन दिवस टाळलं. मग आईच म्हणाली, "काढ गो. तेंका काय कळतला आता?" मी बाबा आणि त्यांचा धोटा, दोन्ही जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले. ज्या माणसाने मुलाला दारातून परत पाठवलं, त्याला मुलासाठी मीच भिंतीवरून उतरवलं. तेव्हा वाटलं, बाबा समजून घेतील.

रिकाम्या भिंतीपुढे एका लहानशा स्टुलावर वहिनीने ती बदकं ठेवली. दारात पितळी नळ्यांची घंटा टांगली. माळा खाली असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला ती आपटायची आणि चाळीतली पोरं मुद्दाम येऊन डोकं आपटून जायची. गॅलरीतल्या बायका मला हसायच्या. "काय गो, बदकां अंडी घालतत काय?" मीही हसायचे. कारण दादा येत होता. दर रविवारी येत होता. आईच्या हातचं कालवण बोटं चाटून खात होता, मला पूर्वीसारखी 'बाय' म्हणून हाक मारत होता. जाताना म्हणायचा, "यंदा भाऊबीजेला येतो गं. चंद्राला सांग, सुट्टी घे." बदकांनी काम केलं असं मी उघड म्हणत नव्हते, पण सकाळी देवांवर फूल वाहिलं की एक पाकळी त्यांच्यापुढेही ठेवत होते.

भाऊबीजेच्या सकाळी मी पाट धुऊन, पुसून त्या मोकळ्या भिंतीपुढे मांडला होता. काकी फराळाचं ताट घेऊन आल्या, मागे त्यांची नवी सून. काकींनी ताट माझ्या हातात दिलं आणि त्या सरळ त्या भिंतीशी गेल्या. तळहात पसरून त्यांनी ती चाचपली आणि सुनेला दाखवलं, "दरवाजा इथून काढू म्हणतो तो कॉन्ट्रॅक्टर. म्हणजे दोन खोल्यांचं एक होईल, तुमचा पलंग इकडे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मशीन आधीच हलवलंस ते बरं केलंस हो. नाहीतर सगळी धूळ त्यात गेली असती."

मी म्हटलं, "कसला दरवाजा?"

काकींनी आईकडे बघितलं.  आई खाली बसून नारळ खवत होती. तिने मान वर केली नाही.

"तुला माहीत नाही?" काकी म्हणाल्या. "अगं, तुझ्या दादाने श्रावणातच विचारलं आम्हाला, खोली विकत घेता का म्हणून. गणपतीत पक्कं झालं. तो टेपवाला कॉन्ट्रॅक्टर तुमच्याकडून निघाला तो आमच्याकडेच आला की, आमच्या बाजूने मापं घ्यायला."

चाळीत एक रीत आहे. खोली द्यायची झाली तर आधी भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याला विचारायचं. तो नाही म्हणाला तरच बाहेरच्याला. दादाने रीत पाळली. शेजाऱ्याला विचारलं. घरात राहणाऱ्या बहिणीला विचारायची रीत कुठे नाही, म्हणून ते राहिलं. आणि काकींनी, ज्यांच्याकडे आमच्या कालवणाची पहिली वाटी जायची, त्यांनी तीन महिने भिंतीपलीकडून माझं मशीन हलताना ऐकलं आणि त्या मूग गिळून बसल्या. माझा केसाने गळा कापला या लोकांनी. याला दुसरा शब्द मी शोधला, मला सापडला नाही.

काकी सुनेला घेऊन गेल्यावर मी आईसमोर बसले. "तुला माहीत होतं?"

तिने खवणं थांबवलं नाही. "तुका सांगला आसता तर तू तेका घरात घेतला नसतस," ती म्हणाली. मग खवलेलं खोबरं एका बाजूला लोटत म्हणाली, "तो माका घेवन जातलो. शेवटचा पाणी तेच्या हातचा मिळात. माका माझो झील होयो होतो गो."

तिला मुलगा हवा होता. आणि मी? हे मी तिला विचारलं नाही. वीस वर्षं तिच्या पायांना तेल चोळलेले माझे हात तिच्यासमोरच होते. त्या हातच्या पाण्याने तिचं भागणार नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. आई डोंबिवलीला गेली. दादाने मला हॉलमध्ये जागा देऊ केली. माझी गिऱ्हाइकं सगळी इथली, असं कारण सांगून मी चिंचपोकळीला एक भाड्याची खोली बघितली. मशीन खिडकीशी लावलं, फोटो त्याच्या वर. कोपरा कुठल्या दिशेचा आहे ते बघितलंही नाही. काकींची सून एकदा ब्लाउज घेऊन आली होती, मी शिवून दिला. तिचा काय दोष?

पण त्या भाऊबीजेची संध्याकाळ सांगायची राहिली. दादा आला, नवा शर्ट घालून, मागे वहिनी. दारातली घंटा त्याच्या डोक्याला लागली, तो हसला. पाट मी त्या भिंतीपुढेच मांडला होता, सकाळीच, काकी यायच्या आधी. तो हलवायचं मला सुचलं नव्हतं. दादा पाटावर बसला. टोपी नव्हती म्हणून त्याने रुमाल डोक्यावर घेतला. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय गं बाय, गप्प का?"

"दादा, ही भिंत कुणासाठी मोकळी करवलीस?"

त्याने वहिनीकडे बघितलं. वहिनीने बदकांकडे बघितलं. "हे बघ," दादा म्हणाला, "मी तुला आज ओवाळून झाल्यावर सांगणारच होतो. आई पण म्हणाली, आधी सण होऊ दे."

मी ताट उचललं. निरांजन पेटवलेलं होतं, कुंकू कालवलेलं होतं, सुपारी होती. ते सगळं हातात घेऊन मी त्याच्या समोरून गेले आणि गॅलरीत आले. समोर अर्ध्या बांधलेल्या टॉवरच्या बाजूला, नैर्ऋत्येलाच, बीजेची कोर होती. फार बारीक, लगेच मावळणारी. शेजारच्या दारातून काकी बघत होत्या. मी कोरीला कुंकू लावलं आणि ताट फिरवायला लागले.

आतून आईची हाक आली. "अगो, थंय खंय? तो हंय पाटार बसलोहा!"

"बसूंदे," मी म्हटलं, आणि ओवाळत राहिले.